राजाने मला विचारलं तेव्हा

वासरू कापून होईपर्यंत मी डोळे मिटून उभा होतो.

"उघडा आता," शेजारचा अमऱ्या माझ्या कानाशी म्हणाला. "चालायची वेळ आली. बोरू धरणाऱ्यांना एवढंही रक्त सोसत नाही होय?"

मी डोळे उघडले. मंदिराच्या अंगणात वासराचे दोन भाग समोरासमोर मांडले होते. मधून एक माणूस जाईल एवढीच वाट. मोठी शपथ घ्यायची तर आमच्या लोकांत अशीच घेतात. जनावराचे दोन भाग करायचे आणि मधून चालत जायचं. शब्द मोडला तर माझंही असंच होवो, हा त्याचा अर्थ. तो कोणी मोठ्याने बोलत नाही, पायांखाली ओलं लागतं तेव्हा आपोआप कळतो.

त्या दिवसाची शपथ अशी होती, की यरुशलेमात ज्याच्या ज्याच्या घरी आपल्याच लोकांपैकी कोणी दास किंवा दासी असेल, त्याने त्यांना मोकळं करायचं. खरं तर यात नवीन काही नव्हतं. सहा वर्षं राबवून सातव्या वर्षी सोडायचं, रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, असा नियम मोशेच्या काळापासून आहे. आमच्या बापजाद्यांनी तो पाळला नाही, आम्हीही पाळला नाही. पण शहराला बाबेलच्या खास्दी फौजेचा वेढा पडून कित्येक महिने झाले होते. सिद्कीया राजाच्या मनाने घेतलं, की एवढी एक गोष्ट केली तर देव कदाचित तोंड फिरवून आपल्याकडे बघेल.

पहिला राजाच चालला. तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता. झगा उचलून धरला, डावीकडे सरदारांकडे पाहिलं, उजवीकडे याजकांकडे पाहिलं, मग पाऊल टाकलं.

ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. लहानपणी आम्ही एकाच गुरूकडे खापरांवर अक्षरं गिरवली. तेव्हा तो राजा नव्हता आणि त्याचं नावही सिद्कीया नव्हतं. मत्तन्या होतं. राज्य त्याच्या वाट्याला येईल असं कोणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पुढे बाबेलच्या राजाने राजा असलेल्या त्याच्या पुतण्याला धरून नेलं, याला गादीवर बसवलं आणि नावसुद्धा स्वतःच ठेवलं. तर हा मत्तन्या अक्षर काढायच्या आधी नेहमी माझ्या खापरावर बघायचा. त्याला येत नव्हतं असं नाही. माझ्याहून त्याला चांगलं यायचं. पण दुसऱ्याने काढलेलं बघितल्याशिवाय त्याचा हात चालत नसे.

मी बहुतेक सगळ्यांच्या शेवटी चाललो. अमऱ्याला तेलाच्या घाण्यांवरची आणि मळ्यांतली मिळून गावभर माणसं सोडायची होती. मला एकच. तिर्सा.

पुढचे तीन दिवस मी सुटकापत्रं लिहीत होतो. राजवाड्यातल्या लेखनिकांच्या खोलीत तेच माझं काम. प्रत्येकाची दोन पत्रं करायची. एक उघडं, ते सुटणाऱ्याच्या हातात द्यायचं. दुसरं घडी घालून, दोरा बांधून, त्यावर ओल्या मातीचा गोळा दाबून मोहर उठवायची आणि मडक्यात ठेवायचं. उद्या भांडण झालं तर मोहर फोडून दोन्ही ताडून बघतात. जोडीचं मोहरबंद पत्र नसेल तर हातातल्या पत्राला कोणी विचारत नाही. ते मडकं माझ्या ताब्यात होतं.

तिर्साचं पत्र मी शेवटी लिहिलं. ती समोर उभी होती.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी वाचलं.

"पुन्हा."

पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं तिने. मग म्हणाली, "माझ्या बापाचं नाव बरोबर आलंय. बास."

दुष्काळाच्या वर्षी बापाने तिला आमच्याकडे ठेवलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्याला अकरा वर्षं झाली होती. नियमाप्रमाणे ती पाच वर्षांपूर्वीच सुटायला हवी होती. हा नियम मी माझ्या हाताने चार वेळा नकलून काढलेला होता. अक्षर अन् अक्षर पाठ होतं. सवड झाली नाही, दुसरं काय सांगू?

निघताना मी तिला चार मुठी जव दिले. वेढ्याचे दिवस होते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. घरात मडकं अर्धं भरलेलं होतं, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

तिने जव पदरात बांधले. "शाईची काजळी कोनाड्यात ठेवलीय," ती म्हणाली. "आधी डिंक भिजवा, मग काजळी घाला. उलटं केलंत तर गुठळ्या होतात. मिल्काआईंना कुशीवर वळवताना खांद्याला धरू नका, कमरेला धरा." मग उंबऱ्यावर थांबली, आणि अकरा वर्षांत कधी म्हणाली नव्हती तसं म्हणाली, "येते, हसद्याभाऊ."

मिल्का म्हणजे माझी आई. अर्धांग झाल्यापासून ती अंथरुणावरच होती.

महिनाभराने मिसरची फौज आमच्या मदतीला येत असल्याची बातमी आली आणि एका सकाळी पाहिलं तर खास्द्यांचे तंबू उठलेले. वेशी उघडल्या. लोक तटावर चढून नाचले. माझ्या घरात मात्र आई माझ्या हातचा घास तोंडात धरून ठेवायची आणि मी पाठ वळवली की उशीवर काढून टाकायची. शाईच्या गुठळ्या व्हायच्या. मी चौथ्या दिवशी तिर्साला शोधत गेलो.

मासळीवेशीजवळ, तटाच्या भिंतीला टेकून उभारलेल्या एका छपरात ती दुसऱ्या एका सुटलेल्या बाईबरोबर राहत होती. पालथ्या मडक्यावर भाकरी थापत होती.

"आई कशा आहेत?" मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं.

"जेवत नाही. माझ्या हातचं घेत नाही."

"गरम भरवत असाल. फुंकर घालावी लागते. आणि बोलता का त्यांच्याशी?"

"काय बोलू?"

"काहीही. भाव सांगायचे बाजाराचे. त्यांना आवडतं." तिने भाकरी उलटली. "म्हणजे तुम्ही गप्प बसून भरवताय. कोण जेवेल असं?"

दुसरी बाई हसली. मी उभाच होतो. न्यायला आलो आहे हे तोंडातून निघेना.

तिर्साने भाकरी उतरवली. "परवा तकोवाला जाणारी माणसं आहेत. रस्ता मोकळा झालाय तर मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. माझा भाऊ आहे तिथे. तोवर दोन दिवस येते."

"उपकार होतील."

"तुमच्यासाठी नाही येत, हसद्याभाऊ. त्यांच्यासाठी येतेय. हे नीट कळू द्या."

"कळलं," मी म्हणालो.

ती आली. आल्या आल्या आईला न्हाऊ घातलं, केस विंचरले, मेथीचा भाव कसा चढलाय ते सांगत सांगत सबंध भाकरी भरवली. माझी आई हसलेली मी त्या दिवशी कित्येक महिन्यांनी ऐकली. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होतो आणि मनात एक विचार येऊन गेला, की ही गेली नाही तर किती बरं होईल. विचार येऊन गेला असं लिहिलं खरं. तो गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजवाड्यातून बोलावणं आलं. मडकं घेऊन या, असा निरोप होता.

राजाच्या खोलीत अमऱ्या आणि आणखी चार सरदार बसले होते. बोलणं बराच वेळ चाललेलं असावं, कारण सगळ्यांचे चेहरे तापलेले होते. मी मडकं खाली ठेवलं आणि भिंतीला लागून उभा राहिलो.

"द्राक्षं तोंडावर आली, महाराज," अमऱ्या म्हणत होता. "मळ्यात माणूस नाही. घाणे बंद. माझी बायको स्वतः पाणी भरते. सरदाराची बायको!"

"शपथ घेतलीय आपण," राजा म्हणाला.

"खास्दी दारात होते तेव्हा घेतली. आता कुठे आहेत खास्दी?"

"वासराच्या मधून चाललोय, अमऱ्या."

"ते वासरू आम्ही केव्हाच खाल्लं, महाराज."

सगळे हसले. राजा हसला नाही. तो खिडकीशी गेला, परत आला. "लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणत नाहीत. आपापली माणसं आणताहेत परत. आणि ती येताहेत. बाहेर त्यांना खायला काय आहे? उपाशी मरण्यापेक्षा धन्याचं घर बरं. मी तर म्हणतो, त्यांना परत घेणं हीच दया आहे."

राजाची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"हसद्या," तो म्हणाला. "तुझ्याकडे एक होती ना. तिर्सा."

राजाच्या तोंडी तिचं नाव ऐकून मी दचकलो. शपथेच्या वेळी घराघराची यादी वाचली होती, तेवढ्यावरून त्याने लक्षात ठेवलं असणार. तशी त्याची स्मरणशक्ती चांगली होती.

"हो, महाराज."

"कुठे आहे ती?"

पाचही सरदार वळून माझ्याकडे बघायला लागले. चार माणसांसमोर मला एका शब्दापुढे बोलता येत नाही.

"घरी," मी म्हणालो.

"कोणाच्या घरी?"

"माझ्या."

अमऱ्याने मांडीवर थाप मारली. "ऐका! बोरूबहाद्दरसुद्धा!"

राजाने हात वर करून त्याला गप्प केलं. तो माझ्या अगदी जवळ आला. "तू ओढून आणलीस तिला?"

"नाही, महाराज."

"मग?"

"आपणहून आली."

यात एकही शब्द खोटा नव्हता. वाक्याचा उरलेला भाग माझ्या जिभेवर होता. दोन दिवसांसाठी आलीय, माझ्या आईसाठी आलीय, उद्या तकोवाला जायचीय. एवढंच म्हणायचं होतं. मी भित्रा आहे, लोकांत मला बोलता येत नाही, हे सगळं खरंच आहे. पण त्यामागे लपू देणार नाही मी स्वतःला. त्या क्षणी मला आईचं हसू आठवत होतं, आणि गुठळ्या नसलेली शाई आठवत होती.

"आणखी काही सांगायचंय?" राजाने विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"हसद्या. आणखी काही?"

"नाही, महाराज."

तो माझ्याकडे बघत राहिला. आठ वर्षांचा असताना माझ्या खापराकडे बघायचा, अगदी तसा. मग वळला आणि म्हणाला, "ठीक आहे. मोहरा फोडा."

मोहरा मीच फोडल्या. ते माझं कामच होतं. सुकलेल्या मातीचा गोळा अंगठ्याने दाबला की भुगा होतो. दोरा सोडायचा, पत्र शेगडीत टाकायचं. सरदार आपापली माणसं कशी आणायची, वेशीवर पहारा कोणाचा ठेवायचा, याचं बोलत होते. तिर्साचं पत्र मला वरून ओळखू आलं, कारण त्याची माती दाबताना माझा अंगठा कडेला घसरला होता. तेही टाकलं. राजा तोवर खोलीतून निघून गेला होता.

घरी आलो तेव्हा तिर्सा आपलं गाठोडं बांधत होती.

"आज सांजाही खाल्ला त्यांनी," ती म्हणाली. "शेजारच्या बाईला दाखवून ठेवलंय सगळं. ती येईल रोज. काही दिलंत तर."

"तिर्सा," मी म्हणालो. "वेशीवर पहारा बसलाय. सुटलेल्या माणसांना बाहेर सोडत नाहीत."

"मला सोडतील. पत्र आहे माझ्याकडे." तिने चोळीतून पत्र काढून दाखवलं. घामाने मऊ झालं होतं.

"जोडीचं राहिलं नाही आता."

"राहिलं नाही म्हणजे?"

"जाळलं."

"कोणी?"

तिने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. नखात माती होती.

"राजाचा हुकूम होता," मी म्हणालो.

"राजाला माझं काय ठाऊक?"

मग मी सगळं सांगितलं. कोण कुठे बसलं होतं, अमऱ्या काय म्हणाला, राजा काय म्हणाला, सगळं. का सांगितलं कोण जाणे. सांगून टाकलं की हलकं वाटेल असं वाटलं असेल.

"मी दोन दिवसांसाठी आलेय, हे सांगितलंत?"

"नाही."

"त्यांनी विचारलं नाही?"

"विचारलं."

"एकदाच?"

"दोनदा," मी म्हणालो.

आतून आईने तिला हाक मारली. तिर्सा तशीच बसून राहिली. मग तिने गाठोड्याची गाठ सोडली. आत एक फणी होती, एक लुगडं, आणि भावासाठी केलेली सुक्या अंजिरांची वडी. फणी परत फळीवर ठेवली, लुगडं दांडीवर टाकलं. वडी आईला नेऊन दिली. बाहेर आली आणि घडा उचलून म्हणाली, "पाणी संपलंय, धनी. विहिरीवर जाऊन येते."

त्या आठवड्यात शहरभर रडारड चालली होती. अनाथोथचा यिर्मया संदेष्टा चौकाचौकात ओरडत फिरला, की जे वासराच्या मधून चालले त्यांची गत वासरासारखी होईल. लोकांनी त्याला हुसकावलं. मिसरची फौज जशी आली तशी परत गेली आणि खास्दी पुन्हा तटाखाली येऊन बसले. या खेपेला ते उठले नाहीत.

माझी आई त्या उपासमारीत गेली. शेवटपर्यंत तिर्साने तिचं सगळं केलं. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. वागण्यात कुठे कमी नव्हतं, हेच मला सोसत नसे.

राजाला मी आणखी एकदा भेटलो. शहर पडायच्या थोडे दिवस आधी तो एकटाच लेखनिकांच्या खोलीत आला. गालफडं बसलेली. जुन्या सवयीने मी उठून उभा राहिलो.

"बस," तो म्हणाला. स्वतः मडक्यांच्या फळीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी तुला सगळ्यांत शेवटी बोलावलं होतं. लक्षात आलं होतं तुझ्या?"

"नाही, महाराज."

"सगळ्यांनी हो म्हणून झालं होतं. मला वाटलं, एकजण नाही म्हणाला की मलाही म्हणता येईल. असा कोण आहे म्हणून आठवून आठवून तुझं नाव काढलं."

मी हातातला बोरू खाली ठेवला.

"तुझा दोष नाही," तो म्हणाला. "राजा मी होतो." आणि मग जरा हसून, "पण दोनदा विचारलं होतं मी, हसद्या."

तट फोडला गेला तेव्हा तो बागेच्या दारातून पळाला. यरीहोच्या माळावर त्याला धरलं. रिब्लाला, बाबेलच्या राजाच्या छावणीत नेऊन त्याच्यासमोर त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. म्हणजे शेवटचं काय बघायचं तेही दुसऱ्यांनीच ठरवलं. इथे बाबेलच्या कालव्याकाठी आमची म्हातारी माणसं एकत्र बसली, की अजून त्याच्या नावाने बोटं मोडतात. असला दुबळा राजा मिळाला म्हणून आपली ही दशा, म्हणतात. मी काहीतरी निमित्त काढून उठतो.

आता एवढंच सांगायचं राहिलं. रामा गावाजवळ खास्द्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं होतं. ज्यांना घरदार होतं, हातात कसब होतं, त्यांना बाबेलला न्यायचं. ज्यांचं काहीच नव्हतं, त्यांना मागे ठेवून ओसाड पडलेले मळे वाटून द्यायचे, असा त्यांचा हुकूम. एक कारकून ओल्या मातीच्या पाटीवर टोचून टोचून लिहीत होता. आमची भाषा येणारा एक दुभाष्या त्याच्या शेजारी उभा होता. तिर्सा माझ्या मागे होती.

"लेखनिक," दुभाष्या माझ्या बोटांकडे बघून म्हणाला. "बाबेल. आणि ही तुझी का?"

आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत मोठ्याने बोललो. "नाही! ती मोकळी आहे. मीच सोडलंय तिला. तिचं सुटकापत्र मी माझ्या हाताने लिहिलंय!"

मला वाटलं, निदान आता तरी.

तिर्सा पुढे आली. "हा काहीही सांगतोय," ती दुभाष्याला म्हणाली. "मला कोणी सोडलं नाही."

"मग तू याची?"

"तुम्ही भिंत पाडलीत त्या दिवसापासून मी कोणाची नाही."

दुभाष्या हसला. त्याने ते कारकुनाला सांगितलं. कारकुनाने मान वर न करता पाटीवर दोन खुणा टोचल्या आणि डावीकडे हात केला.

"द्राक्षाचा मळा मिळेल तुला," दुभाष्या म्हणाला.

"किती वर्षांसाठी?"

त्याला प्रश्न कळला नाही. तिने पुन्हा विचारला, तेव्हा त्याने कारकुनाशी बोलून सांगितलं, "कायमचा. हवं असेल तर हे तुला लिहून देतील. तुमच्या भाषेत लिहायला हा आहेच." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"लिहून नको," तिर्सा म्हणाली. "कुठे आहे तेवढं दाखवा."